धण्यावर लाटणं, पुदिन्यावर सावली

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीत पाचव्या मजल्यावर राहते. गॅलरी पश्चिमेची. एप्रिलमध्ये हौसेनं ग्रिलमधल्या एकाच लांब ट्रेमध्ये कोथिंबीर, पुदिना, गवती चहा आणि कढीपत्ता लावला. सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी घालते. धणे उगवलेच नाहीत, पुदिना करपला, कढीपत्ता पिवळा पडून गळतोय. गवती चहा तेवढा तग धरून आहे. माझा हातच वाईट का?

उत्तर : हात सढळ आहे, एवढीच अडचण! पुदिन्याला माती कायम ओलसर लागते; कढीपत्त्याला दोन पाण्यांच्या मध्ये ती वरून सुकलेली हवी. एका ट्रेमध्ये दोघांचं जमायचं नाही. कढीपत्ता आधी हलवा, बारा इंची कुंडीत. तळाच्या भोकावर खापराचा तुकडा, माती, कुजलेलं शेणखत आणि थोडं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. बोट पेरभर खुपसून पाहा, कोरडं लागलं तरच पाणी. पहिलं वर्षभर तो मुळीच वाढत नाही असं वाटेल. फोडणीसाठी ओरबाडू नका. वीतभर नवी वाढ झाली की फक्त शेंडा खुडा, बाजूनं फांद्या फुटतात. आंबट ताक घालायला सगळेच सांगतात. मीही घालत असे. झाड होतं तसंच राहिलं आणि मुंग्या मात्र झाल्या. कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही चिकटलेलं दिसलं, तर ते फुलपाखराचं सुरवंट असतं. मी एखादं राहू देते, बाकीचे उचलते.

आता कोथिंबीर. धण्याचा एक दाणा म्हणजे दोन बिया. पोळपाटावर घेऊन हलक्या हातानं लाटणं फिरवायचं, दोन फाका झाल्या की पुरे. पहिल्या वेळी मी खलबत्ता घेतला आणि घरात धणेपूड झाली. फाका रात्रभर भिजवून, निथळून अर्धा इंच खोल पेरायच्या. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात. पाचव्या दिवशी उकरून बघायचं नाही. धणे मात्र ताजे हवेत, डब्याच्या तळाशी वर्षभर पडलेले नकोत. ज्या कुंडीत पेराल तिथेच वाढू द्या, रोप उपटून दुसरीकडे लावलेलं तिला सोसत नाही.

पण हे सगळं करूनही एप्रिलमध्ये तुमच्या गॅलरीत ती यायचीच नाही. उगवलीच तर चार पानांवर तुरा काढेल. पाऊस ओसरला की, ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत पेरा. दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी, म्हणजे एक कुंडी कापून होते तोवर दुसरी तयार.

पुदिन्याला रोप विकत आणू नका. बाजारच्या जुडीतल्या जाड काड्या निवडा, खालची पानं काढून ग्लासभर पाण्यात ठेवा. आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं दिसतील. मग पसरट टबात एकटाच लावा, कारण तो धावतो आणि शेजाऱ्याची जागा बळकावतो. दुपारी दोननंतरचं पश्चिमेचं ऊन त्याला जाळतं. गवती चहाचा ठोंब मोठ्या कुंडीत हलवून ग्रिलच्या बाहेरच्या बाजूला ठेवा आणि टब त्याच्या आडोशाला. चहाला ऊन मिळतं, पुदिन्याला सावली. पाती मात्र कात्रीनं कापा, बोट चिरतं.

आणि कुंड्यांखाली ताटल्या ठेवा. चौथ्या मजल्यावर कपडे वाळत असतील.

प्रश्न : शेजारणीनं 'ओव्याचं झाड' म्हणून जाड, लवदार पानांची फांदी दिली. याला ओवा येईल का? (नाशिक)

उत्तर : नाही. वास सारखा असला तरी खायचा ओवा वेगळा, त्याची पानं शेपूसारखी बारीक असतात. हे तुळशीच्या कुळातलं. फांदी मातीत खोचा, चार-पाच दिवसांनी एकदा पाणी पुरतं. भजी करताना बेसन पातळ ठेवा, पानच जाड असतं.