ग्रहणाला कापलेला एक्स-रे

सांगली, रविवार

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू एकच विचारत होतीस, "काका, केस नक्की कुणावर टाकायची?" ट्रॅक्टरवाल्यावर, मिरजेच्या डॉक्टरवर की त्या सावकारावर? मी तेव्हा विजयनगरला कोर्टाच्या व्हरांड्यात होतो, पुकारा होत होता, नीट बोलता आलं नाही. म्हणून लिहितो. तसंही पक्षकाराला तोंडी सांगितलेलं घरी पोचेपर्यंत निम्मं गळतं.

बाबांचा अपघात, मिरजेत बिघडलेलं पायाचं ऑपरेशन आणि त्यासाठी सावकाराकडून काढलेलं कर्ज, तुला हे सगळं एकच संकट वाटतंय, कारण ते एकाच घरावर आलंय. कायद्याला मात्र ती तीन निराळी प्रकरणं दिसतात. प्रत्येकाचं दार वेगळं आणि मुदतही वेगळी. आणि तिन्हीकडं तुझ्या रागाला कुणी विचारणार नाही, कागद विचारतील.

यावरून माझीच एक चूक सांगतो. माझ्याकडं कवठेमहांकाळकडच्या एका गवंड्याची अपघाताची केस होती. मांडीचं हाड मोडलेलं. मी हुशारीनं एक्स-रे त्याच्याच घरी ठेवायला दिला, म्हटलं माझ्या कपाटात जागा नाही, तू सांभाळ. १९९५ च्या दिवाळीत सूर्यग्रहण आलं. त्याच्या थोरल्या पोरानं फिल्म कात्रीनं कापून गल्लीतल्या सगळ्या पोरांना एकेक तुकडा वाटला. उरलेला तुकडा शेळ्यांच्या खोपटाच्या खिडकीला लावला होता, वारा लागू नये म्हणून. डॉक्टरची साक्ष निघाली तेव्हा विमा कंपनीच्या वकिलानं शांतपणे विचारलं, हाड मोडलं होतं हे कशावरून? गवंडी माझ्याकडं बघत होता आणि मी फाईल चाळत होतो. भरपाई मिळाली, पण मिळायला हवी होती त्याच्या निम्मीसुद्धा नाही. तेव्हापासून अस्सल एक्स-रे मी कुणाच्या घरी ठेवत नाही.

आता बाबांच्या अपघाताकडं येऊ. ऊसाची ट्रॉली रात्रीची रस्त्यात उभी, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. हंगामात आपल्याकडं ही गोष्ट इतकी रोजची झालीय की लोक ट्रॉलीवाल्याला दोष द्यायचंही विसरतात. विमा कंपनी पहिलं म्हणेल की मोटरसायकलवाल्यानंच बघून चालवायला हवं होतं. पण बाबा मागं बसलेले होते. चूक दोन्ही गाड्यांची असली तरी मागं बसलेल्याला पूर्ण भरपाई त्यांपैकी कुणाहीकडून मागता येते. दुसरं म्हणेल की पॉलिसी शेतीच्या कामाची आहे, ऊसवाहतूक भाड्यानं चालली होती. तिसरं, ट्रॉलीचा विमाच नाही. म्हणून पंचनाम्यात ट्रॅक्टरच्या नंबरबरोबर ट्रॉलीचाही नंबर आलाय का ते आधी बघ. नसेल तर ज्या पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदलाय तिथं लेखी अर्ज दे आणि पोच घे.

अपघात कराडजवळ झाला म्हणून केस साताऱ्याकडंच चालवावी लागेल, असं तुला कुणीतरी सांगितलंय. तसं नाही. मोटार अपघात न्यायाधिकरणाकडं अर्ज तुम्ही राहता तिथंही करता येतो, म्हणजे सांगलीलाच. मुदत अपघातापासून सहा महिने. या सहा महिन्यांवरून वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेलाय, पण तू त्याच्या भरवशावर बसू नको. जानेवारीतला अपघात आहे, जूनच्या आत अर्ज आत गेला पाहिजे.

किती मिळेल हे विचारायला तुला संकोच वाटला. संकोच कसला? हिशोब उघड असतो. बाबांचं वय ४६, मार्केट यार्डातली हमाली महिन्याला १५,००० धरू. वर्षाला १ लाख ८० हजार. पुढं वाढणाऱ्या मिळकतीपोटी या वयाला पंचवीस टक्के धरतात, म्हणजे २ लाख २५ हजार. वर्षाच्या मिळकतीला वयानुसार ठरलेल्या आकड्यानं गुणतात; ४६ ते ५० वयाचा हा गुणक १३. गुणाकार २९ लाख २५ हजार. आता खरी मेख इथं आहे. सिव्हिल हॉस्पिटलमधून अपंगत्वाचा दाखला मिळेल, त्यावर समजा ४० टक्के लिहिलं. विमा कंपनी म्हणणार, मग ११ लाख ७० हजार घ्या.

पण पाय ४० टक्के गेला म्हणजे मिळकतही ४० टक्केच गेली का? टेबलाशी बसून काम करणाऱ्याची कदाचित काहीच जात नाही. पन्नास किलोचं हळदीचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्याची सगळी जाते. सुप्रीम कोर्टानं राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात नेमकं हेच सांगितलंय: शरीराचं अपंगत्व वेगळं आणि कमाईचं नुकसान वेगळं. त्यामुळं बाबा आधी काय काम करत होते आणि आता काय करू शकत नाहीत, हे सिद्ध करणं म्हणजेच तुझी केस. दाखल्यावरच्या आकड्यासाठी डॉक्टरच्या मागं लागण्यापेक्षा माथाडी मंडळाकडची मजुरीची नोंद काढ. त्यांच्याबरोबर पोती उचलणाऱ्या दोघांना साक्षीला तयार ठेव. दाखला देणाऱ्या डॉक्टरला कोर्टात साक्ष द्यावी लागते, नुसता कागद पुरत नाही. औषधाच्या दुकानाच्या बिलांवरची छपाई उन्हात पुसते. आजच झेरॉक्स मारून ठेव.

डॉक्टरचं प्रकरण मला जास्त अवघड वाटतं, आणि इथं तू जरा दमानं घे. प्लेट बसवली, पू झाला, पुन्हा उघडावं लागलं. वाईट झालं. पण वाईट झालं म्हणजे निष्काळजीपणा झाला असं होत नाही. साधारण कौशल्याचा डॉक्टर त्या जागी जे करील ते यानं केलं का, एवढंच बघितलं जातं. ताप आलेला दिसत असताना चार दिवस ड्रेसिंग उघडून बघितलं नाही असं तू म्हणतेस. ते नर्सच्या नोंदीत दिसेल, किंवा दिसणार नाही. म्हणून आधी हॉस्पिटलकडं लेखी अर्ज करून पूर्ण केसपेपर माग: ऑपरेशनच्या नोंदी, संमतीपत्र, रोजचा तक्ता, सगळं. मागणी केल्यापासून ७२ तासांत ते द्यायचं बंधन डॉक्टरांवर आहे. बिल थकलंय ही सबब त्याला चालत नाही. मिळाले की ते घेऊन मिरजेच्याबाहेरच्या एखाद्या हाडांच्या डॉक्टरकडं जा. मिरजेत सगळे एकमेकांचे मित्र, त्यांना अडचणीत कशाला टाकायचं?

त्या डॉक्टरनं चूक दिसते असं लिहून दिलं, तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडं जाता येईल. डॉक्टरांची पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक कायद्यात येते, हे १९९५ पासून पक्कं आहे. मुदत दोन वर्षं. तुम्ही भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत आहे, त्यामुळं तक्रारीला फी नाही. पोलिसांत गुन्हा नोंदवायचा तुझ्या मामांचा आग्रह मला पटत नाही. फौजदारीला ढोबळ, भयंकर स्वरूपाचा निष्काळजीपणा लागतो आणि त्याआधी दुसऱ्या डॉक्टरचं मत लागतं. हॉस्पिटलसमोर जमाव नेणं तर सोडूनच दे, उलट तुमच्यावरच गुन्हा दाखल होईल.

सावकाराबद्दल लिहायला मला सगळ्यात कमी वेळ लागणार, कारण तिथं कायदा सरळ आहे. माणसं घाबरतात, एवढंच. दोन लाख, महिन्याला शेकडा पाच. म्हणजे वर्षाला साठ टक्के. परवानाधारक सावकारालासुद्धा बिगरशेती विनातारण कर्जाला वर्षाला अठराच टक्के घेता येतात, आणि व्याज मुद्दलाच्या वर नेता येत नाही. जुनी माणसं याला दामदुप्पट म्हणायची. याच्याकडं तर परवानाच नाही. अशाला कोर्ट वसुलीचा हुकूमनामा देत नाही. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यानं विनापरवाना धंद्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडं करायची. फोनपेवरून दर महिन्याला गेलेले दहा हजार हाच तुझा पुरावा. बँकेचं स्टेटमेंट शिक्क्यासह काढ. इथून पुढं रोख एक रुपया देऊ नको, आणि वीस गुंठ्यांचं खरेदीखत "नुसतं तारण म्हणून" करून मागितलं, तर बाबांचं बोट त्या कागदाला लागू देऊ नको. अशी खरेदीखतं मी खूप बघितली. मुद्दल घेतलंय हे मात्र मी विसरलेलो नाही. एका रात्रीत त्यानंच पैसे दिले म्हणून ऑपरेशन झालं. पण त्याचाही हिशोब अधिकाऱ्यासमोर होऊ दे.

बाबांनी सावकाराला दिलेल्या कोऱ्या चेकची मला काळजी आहे. कोरा दिला म्हणून तो रद्द असं समजू नको. सही खरी असली की रक्कम दुसऱ्यानं भरली तरी तो चेक अंगावर येऊ शकतो, असं सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये म्हटलंय. चेक परत गेल्याची नोटीस आली तर पोस्टमनला "घरात कोणी नाही" सांगू नका. ती घ्या आणि त्याच दिवशी मला दाखवा. नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला पंधराच दिवस असतात.

सिव्हिलच्या आवारात तुला जो एजंट भेटला, "पंचवीस टक्के द्या, बाकी आम्ही बघतो" म्हणणारा, त्याचं कार्ड फाडून टाक. वकिलानं भरपाईत टक्केवारी घेणं नियमात बसत नाही, आणि तो तर वकीलही नाही. मी फी घेणार नाही म्हणून तू अवघडली आहेस हे मला कळलं. मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज कर, त्यांची कचेरी कोर्टातच आहे. तिथं बाईला उत्पन्नाची अट न लावता वकील फुकट मिळतो, म्हणून आईच्या नावानं सावकाराविरुद्धचा अर्जही देता येईल. मी कागद बघून द्यायला आहेच. एक लक्षात ठेव, लोकअदालतीत तडजोडीचा आकडा समोर आला की बाबा म्हणतील, मिळतंय ते घेऊ. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. सही करायच्या आधी जेवायच्या सुट्टीत मला फोन कर.

बुधवारी अकराच्या आत ये. बाबांना आणू नको, जिना चढावा लागतो. एक्स-रे मोठ्या पिशवीत सरळ ठेव, दुमडू नको. आणि बाबांचं चेकबुक आण. त्यातला कितव्या नंबरचा चेक फाडलेला आहे आणि त्याच्या आधीचा-नंतरचा कधी वटला, यावरून तो कधी दिला ते सांगता येतं का, बघू.

तुझा,
वकीलकाका