कास, बामणोली, महाबळेश्वर चार दिवसांत: बेत किलोमीटरवर आखू नका, पाणी कुठं आडवं येतं ते बघा

तुमचा बेत वाचला. नाशिकहून स्वतःची गाडी, बरोबर सासू-सासरे आणि सहा वर्षांची मुलगी, सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, हातात चार दिवस. पहिल्या दिवशी सातारा गाठून लगेच कास, दुसऱ्या दिवशी बामणोली-तापोळा-महाबळेश्वर, तिसऱ्या दिवशी कोयना धरण आणि येताना ठोसेघर, चौथ्या दिवशी परत. सासऱ्यांचे गुडघे दुखतात आणि तुम्हाला घाटात गाडी चालवायची फारशी सवय नाही, हेही लिहिलंत ते बरं केलंत. आठवडा उत्तम निवडलाय. बेताला मात्र कात्री लावावी लागेल.

आमच्याकडचा भूगोल आधी समजून घ्या, म्हणजे कात्री का ते कळेल. महाबळेश्वरच्या डोंगरातून खाली निघालेल्या सह्याद्रीच्या धारा, म्हणजे डोंगराच्या रांगा, हाताच्या बोटांसारख्या पसरल्यात आणि दोन बोटांच्या मधे एकेक नदी आहे. सगळ्यात पश्चिमेला कोयना, तिच्या पूर्वेला उरमोडी, वेण्णा. जवळजवळ प्रत्येक नदीवर धरण आहे, त्यामुळे खोऱ्यात उतरलात की समोर पाणी. कोयना तर महाबळेश्वरहून सरळ दक्षिणेला वाहत जाते आणि हेळवाकला एकदम पूर्वेकडे वळून कऱ्हाडात कृष्णेला मिळते. त्या दक्षिणवाहिनी पट्ट्यात शिवसागर जलाशय पसरलाय, लांबी पन्नास किलोमीटरच्या आसपास. वरच्या टोकाला तापोळा-बामणोली, खालच्या टोकाला कोयनानगरची भिंत. दोन्हीकडे पाणी एकच, पण काठाकाठानं जाणारा सलग रस्ता नाही, मधे अभयारण्याचं जंगल आहे. बामणोलीहून कोयना धरण बघायचं तर परत साताऱ्याला या, हायवेनं उंब्रज गाठा, तिथून मल्हारपेठ, पाटण आणि मग कोयनानगर. नुसतं सातारा ते कोयनानगर जवळपास शंभर किलोमीटर होतं. मॅपवर दोन ठिकाणं बोटभर अंतरावर दिसतात आणि दिवस गाडीतच संपतो तो यामुळे.

म्हणून कोयनानगर या खेपेला काढून टाका. भिंतीवर तसंही कुणाला सोडत नाहीत, लांबूनच बघायची. नेहरू उद्यान आणि नवज्याचा ओझर्डे धबधबा चांगला आहे, पण त्यासाठी कऱ्हाड-पाटण-चिपळूण अशी वेगळी सहल करा, कुंभार्ली घाटासकट. तापोळ्याचंही तसंच. बामणोली आणि तापोळा एकाच तलावावर आहेत. एकदा बोटीत बसलात की दुसरीकडे पुन्हा तेच पाणी बघायला महाबळेश्वरहून सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर वळणं उतरायची आणि तेवढीच चढायची, लहान मुलीला घेऊन? मी नसतो गेलो.

राहायचं साताऱ्यात, तिन्ही रात्री. रोज सामान बांधा-सोडायची कटकट नाही, वयस्कर माणसांना एकच खोली ओळखीची होते, आणि पाऊस लागला तर दिवसांची अदलाबदल करता येते. हा शेवटचा फायदा सगळ्यात मोठा.

पहिला दिवस प्रवासाचाच धरा. नाशिक ते सातारा सव्वातीनशे किलोमीटर, त्यात पुण्याच्या बाहेरून निघताना आणि खंबाटकीला किती वेळ जाईल याचा नेम नाही. पोचल्यावर कास वगैरे काही नाही. राजवाड्याकडे चक्कर मारा, कंदी पेढे घ्या, झोपा.

दुसरा दिवस कास आणि बामणोली. हा सहलीचा गाभा आहे, याला पूर्ण दिवस द्या आणि काहीही करून शनिवार-रविवार टाळा. २ ऑक्टोबरची सुट्टी जोडून येत असेल तर तीही टाळा. हंगामातल्या रविवारी यवतेश्वरच्या घाटात जी रांग लागते तिच्यात क्लच जळतो आणि घरातली शांतताही. पठारावर दिवसाला किती माणसं सोडायची यावर मर्यादा आहे, त्यामुळे ऑनलाईन नोंदणी करूनच निघा. सकाळी साडेसातला समर्थ मंदिराकडून वर चढायला लागलात तर रस्ता मोकळा मिळतो. अंतर पंचवीस किलोमीटर. पोचल्या पोचल्या धुकं असेल तर वैतागू नका. नऊ-दहाच्या सुमाराला ऊन पडलं की रंग उघडतात.

२०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यात कास आहे. त्यानंतर गर्दी वाढली आणि लोक एक अपेक्षा घेऊन यायला लागले: डोळे दिपवणारा गालिचा. कधी कधी तसा दिसतोही, विशेषतः गुलाबी तेरड्याचा आणि पिवळ्या सोनकीचा. पण कासची खरी गंमत उभं राहून कळत नाही. जांभ्या खडकावर बोटभर माती, तिच्यात साचलेलं पाणी, आणि त्यात नखाएवढी जांभळट-निळी फुलं, ती सीतेची आसवं. मुलीला तिथं वाटेवरच उकिडवी बसवा आणि सांगा की हे झाड किडे खातं. पाण्यातल्या मुळांसारख्या भागांवर बारीक पिशव्या असतात, सूक्ष्म जीव जवळ आला की पिशवी त्याला आत ओढून घेते. शेजारी पांढऱ्या गोंड्यांचे गेंद दिसतील. एखादं भिंग बरोबर ठेवलंत तर एक तास कसा गेला कळणार नाही. टोपली कारवीची मात्र आशा धरून येऊ नका, ती दर काही वर्षांनीच एकदम फुलते. आणि फुलांत बसून फोटो काढणाऱ्यांकडे बघून तुम्हीही तसं करू नका. बोटभर मातीत पाऊल रुतलं की तेवढी जागा बाद होते.

कासचा तलाव मागे टाकून पुढं बामणोलीला उतरायचं. तिथला शिवसागर सप्टेंबरअखेर काठोकाठ असतो, म्हणून तुमचा आठवडा चांगला म्हटलं. मे महिन्यात हेच पाणी खोल जातं आणि होडीपर्यंत चिखलातून चालावं लागतं. बोट ठरवताना दर फलकावर बघा, लाइफ जॅकेट प्रत्येकाला घालायला लावा, मुलीच्या मापाचं आहे का ते पैसे देण्याआधी विचारा. त्रिवेणी संगमापर्यंतची फेरी तुम्हाला पुरे. कुणी वासोट्याचं नाव काढलं तर नको म्हणा. तो पूर्ण दिवसाचा ट्रेक आहे, वनखात्याची परवानगी लागते आणि पावसाळ्यात बंद असतो. जेवण तिथल्याच घरगुती खाणावळीत घ्या, पिठलं-भाकरी किंवा मासे, पण सकाळी जाताना सांगून ठेवलंत तरच वेळेवर मिळेल. या पाण्याखाली गावं गेलीत. जावळीतल्या बहुतेक घरांचं एक टोक मुंबईत आहे, कुणी माथाडीत, कुणी आणखी कशात. बोटवाल्याला गावाचं नाव विचारलंत तर माणूस मोकळा बोलतो.

दुपारी चारला परत निघा. हे वेळेचं सांगतोय ते धुक्यासाठी. संध्याकाळी कासच्या धारेवर ढग उतरला की समोरचा पांढरा पट्टासुद्धा दिसत नाही.

तिसरा दिवस हलका. बोगद्यातून पलीकडे निघालं की सज्जनगड आणि ठोसेघर एकाच रस्त्यावर आहेत. सज्जनगडाला गाडीतळापासून पायऱ्या आहेत आणि त्या गुडघ्यांना झेपतील असं मला वाटत नाही. तुम्ही दोघं मुलीला घेऊन वर जा, सासू-सासऱ्यांना खाली चहाच्या टपरीवर बसवा, समोर उरमोडीचं पाणी दिसतं. दुपारचा महाप्रसाद साधा असतो, मिळाला तर जरूर घ्या. ठोसेघरलाही थोडं उतरावं लागतं. पुढं चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांपर्यंत मात्र गाडीतूनच जाता येतं, आणि तिथल्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, कासमधली बरीच फुलं विनागर्दी दिसतात. कासची नोंदणी मिळाली नाही तर हाच तुमचा कास समजा. वारा जबरी असतो, मुलीला टोपी नाही, कानाला रुमाल बांधा.

चौथ्या दिवशी महाबळेश्वर, पण परतीच्या वाटेवर. हॉटेल सोडून सकाळी मेढा-केळघर घाटानं वर चढा, क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेचं देऊळ बघा, ढग नसेल तर एखादा पॉइंट, असेल तर सरळ पाचगणी. स्ट्रॉबेरी या दिवसांत नसते, रस्त्यावर कुणी ताजी म्हणून दाखवली तरी भुलू नका. पसरणी घाट उतरून वाई, ढोल्या गणपती, वेळ असला तर मेणवलीचा घाट आणि नाना फडणवीसांचा वाडा. तिथून सुरूर फाट्याला हायवे लागतो. दुपारी दोनच्या आत वाई सोडलीत तर नाशिक झोपायच्या वेळेला गाठाल. त्यापेक्षा उशीर होणार असेल तर पुण्यात मुक्काम करा, रात्री दमलेल्या ड्रायव्हरनं पुणे-नाशिक रस्ता करू नये.

गाडीबद्दल. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं, सतत ब्रेकवर पाय ठेवायचा नाही. जळका वास आला तर रुंद जागा बघून पंधरा-वीस मिनिटं थांबा, ब्रेकच्या ड्रमवर पाणी ओतू नका. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या, एसटीला तर नेहमीच, तिचा ड्रायव्हर वळणाला जागा घेणार म्हणजे घेणारच. धुक्यात दिवे लो बीमवर. चारही इंडिकेटर चालू ठेवून चालवायची जी फॅशन आलीय तिनं मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय तेच कळत नाही. साइड देताना डांबराच्या कडेच्या गवतावर चाक घालू नका, पावसानंतर त्या गवताखाली चर असते आणि सेडान पोटावर बसते. टाकी साताऱ्यातच भरा, रोख पैसे जवळ ठेवा, बामणोलीकडे रेंज जाते म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करा. आणि मॅपनं कासहून महाबळेश्वरला थेट धारेवरून जाणारा आडरस्ता दाखवला, तरी तुमच्यासारख्या नवख्यानं पावसाळ्याच्या शेवटी तो घेऊ नये.

वायपरची पाती निघण्याआधी बदलून घ्या. मुलीला गाडी लागत असेल तर गोळी घाट सुरू झाल्यावर नाही, डॉक्टरांना विचारून अर्धा-पाऊण तास आधी द्या. तारखा पक्क्या झाल्या की वार कळवा, कासच्या दिवशी कुठला वार येतोय त्यावरून दुसरा आणि तिसरा दिवस उलटा करायचा का ते सांगतो.