जुलाब-उलट्या: घरी किती थांबायचं, दवाखाना कधी गाठायचा?

प्रश्न: आमच्या चार वर्षांच्या कुत्र्याला कालपासून पातळ शी होते आहे. खेळतो आहे, पाणीही पितो आहे. लगेच न्यावं की एक दिवस वाट पाहावी?

लस वेळेवर झालेली असेल, उलटी नसेल, रक्त दिसत नसेल आणि तो स्वतःहून उठून तुमच्यामागे फिरत असेल, तर एक दिवस घरी थांबायला हरकत नाही. नुसत्या जुलाबात उपाशी ठेवायची गरज नसते. नेहमीचं खाणं बंद करून मीठ, तेल, मसाला काहीही न घालता उकडलेलं, कातडी आणि हाडं काढलेलं चिकन एक भाग आणि मऊ शिजवलेला भात दोन भाग असं द्या. दिवसभराचं खाणं चार-पाच वेळांत विभागा. दूध नको. शी घट्ट झाल्यावरही आणखी दोन दिवस हेच चालू ठेवा आणि मग तीन-चार दिवसांत नेहमीचं खाणं थोडं थोडं मिसळत न्या. बरं वाटलं म्हणून पहिल्याच दिवशी वाडगं भरून नेहमीचं खाणं दिलं की जुलाब परत सुरू होतात.

या काळात शी किती वेळा झाली एवढंच मोजत बसू नका. अंगातलं पाणी किती कमी झालंय हे जास्त महत्त्वाचं आहे आणि ते हिरड्या सांगतात. वरचा ओठ उचलून सुळ्याच्या वरच्या हिरडीला बोट लावा. ती ओलसर आणि गुळगुळीत लागायला हवी. बोट चिकटत असेल तर पाणी कमी पडतंय. आता हिरडी दाबून बोट सोडा. पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. त्याहून जास्त वेळ लागला, किंवा हिरड्या मुळातच फिकट, निळसर किंवा विटकरी लाल दिसल्या, तर त्याच वेळी निघा. काहींच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात. तिथे खालची पापणी ओढून आतला रंग पाहा. हे सगळं तो ठणठणीत असतानाच एकदा करून पाहावं, म्हणजे आजारपणातला फरक चटकन कळतो.

एका दिवसात काहीच उतार पडला नाही, किंवा त्याआधी उलटी, रक्त, मरगळ यांपैकी काही सुरू झालं, तर थांबणं संपलं असं समजा. म्हातारा कुत्रा, मधुमेह किंवा किडनीचा आजार असलेला प्राणी, गाभण मादी यांच्या बाबतीत एक दिवसाचीही सवलत घेऊ नये.

प्रश्न: कुत्रा पाणी प्यायला की लगेच ओकून टाकतो. काय करावं?

भरलेलं भांडं उचलून ठेवा. तहानेने तो घटाघटा पितो, पोट ताणलं जातं आणि सगळं बाहेर येतं. तासभर पोटाला विश्रांती देऊन मग दर अर्ध्या तासाने दोन-तीन चमचे पाणी द्या. तेवढंही टिकत नसेल तर घरी करण्यासारखं काही उरत नाही. त्याला सलाइन लागेल.

एक लक्षण मात्र क्षणभरही थांबू देत नाही: पुन्हा पुन्हा जोरात उमासे येतात, पण फेसाखेरीज काहीच पडत नाही, पोट फुगून टणक झालंय आणि तो एका जागी बसत नाही. मोठ्या, खोल छातीच्या जातींत (ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड वगैरे) हे जास्त दिसतं. पोट हवेने फुगून स्वतःभोवती पिळलं जातं, आत अन्न-पाणी जात नाही, बाहेरही येत नाही आणि रक्तपुरवठा तुटतो. काही तासांत जीव जातो. रात्र असो, अपरात्र असो, दवाखान्यात फोन करत करतच निघा. वाटेत काहीही पाजू नका.

प्रश्न: दोन महिन्यांचं पिल्लू कालपासून खात नाही, उलट्या होतात. पहिली लस झाली आहे, मग पार्व्होची (कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची) भीती नाही ना?

भीती आहे. एका डोसने पुरेसं संरक्षण मिळत नाही. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लसीच्या आड येते, म्हणूनच दर तीन-चार आठवड्यांनी डोस देत निदान सोळाव्या आठवड्यापर्यंत न्यावं लागतं. पार्व्होत आधी मरगळ आणि उलट्या येतात, आणि घाणेरड्या वासाचे रक्ताळ जुलाब बऱ्याचदा नंतर सुरू होतात. रक्त दिसेपर्यंत वाट पाहिली तर मोलाचा वेळ गेलेला असतो. शिवाय एवढ्या लहान जिवाची साखर उपाशीपोटी भराभर उतरते. आजच न्या. निघण्यापूर्वी फोनवर पार्व्होची शंका सांगा, म्हणजे त्याला बाकीच्या कुत्र्यांपासून लांब ठेवता येईल.

प्रश्न: आमचा बोका सारखा लिटर बॉक्समध्ये (शी-शूसाठी ठेवलेल्या वाळूच्या डब्यात) जाऊन कुंथतो. बद्धकोष्ठ झालंय का?

आधी लघवी होते आहे का ते पाहा. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते, ती तुंबली की तो असाच कुंथतो आणि घरच्यांना बद्धकोष्ठ वाटतं. वाळूत लघवीचा ओला गोळा नसेल तर ताबडतोब दवाखाना. पोट साफ होण्याचं (रेचक) औषध देऊन वेळ घालवू नका.

मांजरांबद्दल आणखी दोन गोष्टी. मांजर 24 तास काहीच खात नसेल तर डॉक्टरांना दाखवा. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठत जाते, लठ्ठ मांजरात तर विशेष. आणि तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका. त्याचं दुसरं टोक आत अडकलेलं असेल तर आतडं चिरलं जातं.

प्रश्न: आपल्याच जुलाबाची किंवा दुखण्याची गोळी थोडी देता येईल?

नाही. पॅरासिटामॉल मांजराला जीवघेणं ठरतं, आयब्रुप्रोफेन कुत्र्याच्या पोटात व्रण करतं आणि किडनी निकामी करतं. जुलाब थांबवणारं लोपेरामाइड कोली आणि तत्सम जातींच्या कुत्र्यांच्या मेंदूवर विपरीत परिणाम करू शकतं. चॉकलेट, द्राक्षं-बेदाणे, कांदा, झायलिटॉल (बिनसाखरेच्या च्युइंगगममध्ये वगैरे असणारा गोड पदार्थ) किंवा उंदराचं औषध खाल्ल्याची नुसती शंका असली तरी उलटी होण्याची वाट पाहू नका आणि मीठ पाजून उलटी करवू नका. मांजराने लिलीचं फूल किंवा पान चघळलं असेल तर तेही तितकंच तातडीचं आहे.

जाताना ताजी शी झाकणाच्या स्वच्छ डबीत घ्या, उलटीचा फोटो काढा, खाल्लेल्या वस्तूचं वेष्टन बरोबर ठेवा. शी डांबरासारखी काळी असेल किंवा उलटी कॉफीच्या चोथ्यासारखी असेल तर ते आधीच सांगा. ते वरच्या भागातलं पचलेलं रक्त असतं. लाल रक्त आणि आव बहुधा मोठ्या आतड्यातून येते. जमत असेल तर गुदद्वारातून ताप मोजून घ्या: 101 ते 102.5 फॅरनहाइट नेहमीचा, 103 च्या वर ताप, आणि 99 च्या खाली उतरलं तर तेही तितकंच गंभीर.