माहिती वाटून दे

तुझा मेल वाचला. जर्मनच्या तासाला मुलांना गटात बसवलं की मराठीत गप्पा सुरू होतात, एक हुशार मुलगी सगळं लिहून टाकते, बाकीचे मोबाइल बघतात. म्हणून तू परत फळ्यावर आर्टिकल्सचे (डेअर-डी-दासचे) तक्ते काढायचे म्हणतेस. अगं, चौघांच्या हातात तोच कागद दिलास, मग जर्मनमधून कुणी कुणाला काय विचारायचं?

माहिती वाटून दे. एकाकडे आहे ते दुसऱ्याकडे नको.

ए१ ला, म्हणजे अगदी पहिल्या पातळीला, मी रेल्वेप्रवासाचे दोन कागद करते. एकावर पूर्ण प्रवास, दुसऱ्यावर नुसता नकाशा. कागद दाखवायचा नाही, सांगायचं. 'इश श्टायगं इन क्योल्न...' (मी कोलोन शहरात...) इथवर वाक्य आलं तरी जोडीदाराचं पेन हवेतच. शेवटी 'आउस' आलं तर कोलोनला उतरायचं, 'उम' आलं तर गाडी बदलायची. क्रियापदाचा हा शेपटाकडचा तुकडा मुलं गाळतात ना? इथे जोडीदारच गाळू देत नाही. "पुढे काय? उतरलास की गाडी बदललीस?" असं तो आधी मराठीतच ओरडेल. ओरडू दे. तोच प्रश्न जर्मनमध्ये फळ्यावर लिहून ठेव.

ही माझी अक्कल नाही. १९७१ मध्ये टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या शाळांत गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती, कुरबुरी चालू होत्या. एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाने धड्याचे तुकडे केले आणि प्रत्येकाला एकच दिला. बाकीचं शेजाऱ्याकडून ऐकल्याशिवाय गत्यंतर नाही.

आणि सर्जनशील म्हणजे चार्टपेपर आणि स्केचपेन नव्हे, हे एकदा डोक्यात घे! रंगवण्यात तास जातो. नाटुकलं जरूर घे, पण घरमालक किती भाड्यावर अडून बसणार आहे हे भाडेकरूला कळू देऊ नकोस.

पोर्शन मागे पडेल, खरंय. माझाही पडायचा. वर्गातल्या गोंगाटावरून वरिष्ठांनी मला केबिनमध्ये बोलावून सुनावलं, बढतीही रखडली, आणि ते अजून सलतं. पण गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी१ (मधल्या पातळीच्या) तोंडी परीक्षेचा पहिला भाग काय आहे? दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं. वर्षभर फक्त बाईंचं ऐकलेली मुलं तिथे काय ठरवणार? मी बरोबरच होते.

तक्ते शिकव, मी कुठे नको म्हणते? आधी त्यांना अडू दे, मग शिकव.

सोमवारच्या तासाचे कागद मला पाठव. चौघांना एकच कागद असेल तर न वाचता परत करीन.

तुझी,
मॅडम