परग्रहवासीयांशी लढणारी मुले आणि अकरावीतली एक वाचक

"आमची मुलगी सारखी परग्रहवासीयांशी लढणाऱ्या मुलांच्या कादंबऱ्या वाचते, आता तशाच कथा लिहूही लागली आहे आणि त्या कथांत मुले मरतात, तिच्या मनाचे काही बिनसले आहे का?" हा प्रश्न शब्दांच्या थोड्याफार फरकाने इंदूरमधले पालक मला वरचेवर विचारतात. कधी मुलीच्या जागी मुलगा असतो, कधी कादंबरीच्या जागी मालिका किंवा मोबाइलवरचा खेळ असतो. काळजी मात्र तीच असते आणि नीट पाहिले तर तिच्यात तीन वेगवेगळ्या भीती मिसळलेल्या आढळतात. मूल हिंसक होईल, ही पहिली. ते वास्तवापासून पळते आहे, ही दुसरी. आणि ते स्वतःच्या जिवाचे काही बरेवाईट करून घेईल, ही तिसरी, जी पालक सहसा उच्चारत नाहीत. समुपदेशकाला तिसरीपासूनच सुरुवात करावी लागते.

ज्या कुटुंबाची हकीकत येथे सांगत आहे, त्याची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वडील बँकेत अधिकारी, आई शिक्षिका, घरी आजी आणि अकरावीत जीवशास्त्र घेतलेली सोळा वर्षांची एकुलती एक मुलगी. दहावीचा निकाल लागला त्याच आठवड्यात भंवरकुआँ भागातल्या एका कोचिंगमध्ये नीटच्या दोन वर्षांच्या बॅचसाठी तिचे नाव घालण्यात आले होते. शाळेत नाव केवळ पटावर, ज्याला आपल्याकडे सर्रास डमी शाळा म्हणतात. दर रविवारी १८० प्रश्नांची आणि ७२० गुणांची सराव परीक्षा, सोमवारी रँक, आणि त्या रँकनुसार दर काही आठवड्यांनी बॅचची फेररचना, असा तिचा क्रम होता. वडिलांचा एमजीएम मेडिकल कॉलेजातला प्रवेश त्यांच्या तरुणपणी थोडक्यात हुकला होता, हे मला पहिल्याच भेटीत कळले, पण ते आजींकडून.

वडिलांची तक्रार अशी होती : "मॅडम, विज्ञानकथा आम्हीही वाचल्या. नारळीकरांच्या कथा मी शाळेत असताना वाचनालयातून आणून वाचत असे. पण त्यांत विज्ञान होते. हिच्या पुस्तकांत नुसती मारामारी आहे." आईची काळजी निराळी होती. मुलगी घरी नसताना तिने मुलीची कथेची वही वाचली होती आणि काही पानांचे फोटो मोबाइलमध्ये काढून आणले होते. ते फोटो मी पाहिले नाहीत. वही दाखवायची की नाही हे जिची ती आहे तिने ठरवावे, असे मी आईंना सांगितले. त्या किंचित दुखावल्या, पण मुलीला पुढे माझ्याशी मोकळेपणाने बोलता यावे यासाठी ते आवश्यक होते.

मुलीला एकटीला भेटले तेव्हा आरंभीच स्पष्ट केले की ती जे सांगेल ते माझ्यापाशी राहील. मात्र तिच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असे दिसले, तर ते पालकांना सांगणे मला भाग पडेल. त्यानंतर मरणाचे, स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, हे थेट विचारले. असे विचारल्याने नसलेला विचार मनात घातला जातो, अशी अनेक पालकांची आणि काही शिक्षकांचीही समजूत आहे. ती खरी नाही. शांतपणे, सरळ शब्दांत विचारल्याने धोका वाढत नाही, आणि ज्याच्या मनात तसे काही असते त्याला बहुधा सुटल्यासारखे वाटते. ती म्हणाली, "मरावेसे वाटत नाही. पण शनिवारी रात्री वाटते की ताप आला तर बरे होईल." हे उत्तर मी हलके मानले नाही. झोप, भूक, मैत्रिणी, पाळी, डोकेदुखी, सगळे विचारले. मैत्रिणी होत्या, हसणे-भांडणे होते, जेवण ठीक होते; झोप मात्र जेमतेम पाच तासांची होती, आणि या वयात आठ ते दहा तासांची गरज असते.

येथे पालकांसाठी एक गोष्ट नोंदवून ठेवते. मूल एखाद्या प्रकारच्या पुस्तकांत बुडून गेले आहे, यापेक्षा आवडती पुस्तकेही त्याला नकोशी झाली आहेत, याची काळजी अधिक करावी. मैत्री तुटत जाणे, जिवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकणे, 'पुढच्या वर्षी मी असेन तर ना' अशा तऱ्हेचे बोलणे, अंगावर जखमा दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास कादंबऱ्यांची चर्चा बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांशी संपर्क साधावा. टेली मानस ही केंद्र सरकारची विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास उपलब्ध असते. या मुलीच्या बाबतीत तशी चिन्हे नव्हती, म्हणून पुस्तकांकडे वळता आले.

पुस्तके तिने खजुरी बाजारातल्या जुन्या पुस्तकांतून निवडून आणली होती, आणि त्यांतली दोन मला वाचायला दिली. पालकांनी मुलांच्या आवडीबद्दल मत बनवण्याआधी निदान एक पुस्तक पूर्ण वाचावे, असा माझा आग्रह असतो. समुपदेशकालाही तो लागू आहे. ऑर्सन स्कॉट कार्ड यांची 'एन्डर्स गेम' ही १९८५ सालची कादंबरी. कीटकांसारख्या परग्रहवासीयांशी होणाऱ्या युद्धासाठी सेनापती हवा म्हणून सहा वर्षांच्या एका विलक्षण हुशार मुलाला अंतराळातल्या युद्धशाळेत नेले जाते. तिथे तुकड्या आहेत, खेळाच्या नावाखाली लढाया आहेत, गुणांची क्रमवारी आहे, आणि मुलगा एकटा पडेल अशी व्यवस्था मोठ्या माणसांनी जाणूनबुजून केलेली आहे. अखेरची परीक्षा समजून तो ज्या लढाईत शत्रूचा ग्रह नष्ट करतो, ती लढाई खरी असते, आणि हे त्याला ती संपल्यावर सांगितले जाते. (ज्यांना ही कादंबरी वाचायची होती त्यांनी शेवट फोडल्याबद्दल रागवू नये, त्याशिवाय पुढचे सांगता येत नाही.)

दुसरे पुस्तक 'ॲनिमॉर्फ्स' या मालिकेतले होते. के. ए. ॲपलगेट यांच्या नावाने १९९६ ते २००१ या काळात या मालिकेची ५४ मुख्य पुस्तके निघाली. त्यांत परजीवी परग्रहवासी माणसांच्या मेंदूचा ताबा घेतात. कोणाचा ताबा घेतला गेला आहे हे बाहेरून ओळखता येत नाही, त्यामुळे लढणाऱ्या मुलांना घरी एक अक्षरही बोलता येत नाही. एका मुलाचा सख्खा भाऊच शत्रूच्या अमलाखाली असतो. मालिकेच्या शेवटी मुलांपैकी एक मारली जाते आणि त्यांचा म्होरक्या युद्ध जिंकूनही खचून जातो. असा शेवट पुष्कळ वाचकांना रुचला नव्हता, तेव्हा युद्धे अशी नीटनेटकी संपत नसतात, अशा आशयाचे उत्तर लेखिकेने दिले होते. नुसती मारामारी हे वर्णन या पुस्तकांना लागू पडत नाही. मारामारी आहे, पुष्कळ आहे, पण तिची किंमत कोण मोजतो याचा हिशेब त्यात अधिक बारकाईने मांडला आहे, आणि असे वाचन करणारे मूल त्यामुळे हिंसक होईल असे मानायला मला काही कारण दिसत नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या हाती मात्र ती देण्यापूर्वी मोठ्यांनी स्वतः वाचावीत, कारण मुखपृष्ठावर मुले प्राण्यांत रूपांतरित होताना दिसतात आणि आत मन विषण्ण करणारे प्रसंग असतात.

या लढणाऱ्या मुलांपैकी तुला कोणासारखे व्हावेसे वाटते, असे मी तिला विचारले. तिने हा प्रश्न जवळजवळ झटकून टाकला. "कोणासारखेच नाही. मी एवढेच बघते की त्यांना नाही म्हणता येते का." मग तिने 'एन्डर्स गेम'च्या आरंभीचा एक भाग काढून दाखवला. मुलाला न्यायला आलेला अधिकारी त्याला बळजबरीने ओढून नेत नाही. तुझी इच्छा असेल तरच चल, असे म्हणतो. मात्र तू आला नाहीस तर मानवजातीचे काय होईल, हेही त्याच्यापुढे ठेवतो. "विचारतात, पण अशा रीतीने विचारतात की हो शिवाय दुसरे उत्तरच उरत नाही," ती म्हणाली. एवढा नेमका वाचक मला मोठ्यांतही क्वचित भेटतो.

पुढच्या भेटीत तिने आपणहून वही आणली. कथेत इंदूर शहर होते, राजवाडा होता, पहाटे बसमध्ये बसवून नेली जाणारी चौदा ते सतरा वर्षांची मुले होती. भरती ज्या सभागृहात होते त्याचे वर्णन पाने भरून होते : भिंतीवरची यादी, याद्यांचे रंग, वरच्या तुकडीला मिळणारे चांगले बूट, खालच्या तुकडीला मागच्या दाराने आत घेणे. परग्रहवासी मात्र त्या सबंध कथेत एकदाही दिसत नव्हते. त्यांना डोळे किती, हात किती, ते कुठून आले, कशासाठी आले, यावर एक वाक्यही नव्हते. आईला घाबरवणारे वाक्य मुले मरतात तिथले असेल, असा माझा अंदाज होता. ते निघाले पहिल्या पानावरचे : "जायचे का, असे आईबाबांनी विचारले तेव्हा फॉर्म भरून झाला होता."

वास्तवापासून पळण्याच्या भीतीबद्दल मला जे म्हणायचे आहे ते येथे म्हणते. कुमारवयीन मुले दूरच्या ग्रहावर जाऊन पुष्कळदा आपल्याच घराकडे पाहत असतात. जे घरी बोलले तर कृतघ्नपणाचे ठरेल, ते कथेत बोलता येते, कारण तिथे सही करणारे आईबाप काल्पनिक असतात. म्हणून वही काढून घेतल्याने किंवा पुस्तके कपाटात कुलूपबंद केल्याने मूल अभ्यासाला लागत नाही. त्याला बोलण्यासाठी सापडलेली एकमेव जागा तेवढी जाते. याचा अर्थ प्रत्येक कथा हे छुपे आरोपपत्र असते असाही नव्हे. पुष्कळ मुले परग्रहवासीयांच्या गोष्टी केवळ रंजक असतात म्हणून वाचतात, आणि त्यांच्या पालकांनी निश्चिंत असावे.

मुलीच्या संमतीने सर्वांना एकत्र बसवले. वडिलांचे पहिलेच वाक्य होते, "आम्ही जबरदस्ती केलेली नाही. तिला विचारले होते, ती हो म्हणाली." ते खरेच होते. मी काही बोलण्याआधी आजी म्हणाल्या, "अरे, अभिमन्यूलाही धर्मराजाने विचारलेच होते." वडिलांनी उत्तर दिले की अभिमन्यू वीर होता आणि चक्रव्यूह भेदणे त्या दिवशी आवश्यक होते. आजींनी तेही मान्य केले. बाहेर पडायचे ज्ञान आपल्याला नाही हे त्या सोळा वर्षांच्या मुलाने आधीच सांगितले होते, आम्ही तुझ्या मागोमाग आहोत असे मोठ्यांनी कबूल केले होते, आणि जयद्रथाने त्यांना अडवून धरले, एवढे त्यांनी आठवण करून दिले. त्यावर मुलगी हळूच म्हणाली की निदान धर्मराजांना नंतर शोक झाला हे महाभारतात लिहिलेले तरी आहे. खोलीत थोडा वेळ अवघडलेपणा होता. असा अवघडलेपणा मी घाईने मोडत नाही.

त्यानंतर मी वडिलांना एक काम दिले, जे या प्रकारच्या बहुतेक कुटुंबांना देते. मुलीला पुन्हा विचारायचे. परंतु विचारण्याआधी 'नाही' म्हटल्यास काय काय होईल ते स्वतः कागदावर लिहून तिच्यासमोर वाचायचे. भरलेल्या शुल्कापैकी किती परत मिळणार नाही, दुसरा हप्ता कधी आहे, शाळा बदलावी लागेल का, जीवशास्त्र ठेवून आणखी काय करता येते, आणि घरात कोण किती दिवस नाराज राहील, सगळे. 'नाही'ची किंमत अज्ञात असते तेव्हा मूल ती अमर्याद मानते आणि हो म्हणून मोकळे होते. वडिलांनी मनापासून लिहिले. देवी अहिल्या विद्यापीठातला जीवतंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आणि महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय हे पर्याय त्यांनीच शोधून काढले होते. शुल्काचा आकडा त्यांनी मोठ्याने वाचला तेव्हा मुलीचा चेहरा उजळला, कारण तिने मनात धरलेला आकडा त्याच्या कितीतरी पट होता. शेवटी तिने विचारले, "आणि बाबा, तुम्ही मला नंतर बोलून दाखवणार नाही?" ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "एकदोनदा बोलेन. मग आई मला थांबवेल." एखादे भव्य वचन दिले असते तर तिने ते मानले नसते, हे मानले.

तिने कोचिंग सोडले नाही, हे ऐकून काही पालकांना हायसे वाटेल, म्हणून लगेच जोडते की सोडले असते तरी ही हकीकत मी अशीच लिहिली असती. तिला काय करायचे आहे हे तिला अजून ठरवता आलेले नाही, आणि सोळाव्या वर्षी ते ठरलेले असलेच पाहिजे असे नाही. वार्षिक परीक्षेपर्यंत वर्ग चालू ठेवावा आणि मग पुन्हा याच रीतीने विचारविनिमय करावा, असे ठरले. तिची तातडीची मागणी वेगळीच होती : सोमवारचा रँक आईने नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे बंद करावे. आईने ते त्याच दिवशी बंद केले आणि वही न विचारता वाचल्याबद्दल मुलीची क्षमा मागितली. पुणे-नागपूरच्या काकू-आत्यांनी दोन सोमवार चौकशी केली, मग तीही थांबली.

वाचनावर काही बंधन घालायचे की नाही, हे आईंनी शेवटी विचारलेच. बंधन घातले, पण झोपेसाठी. साडेदहानंतर तिच्या खोलीत कोणतेही पुस्तक उघडे राहणार नाही. हा नियम कादंबरीला आहे तसाच कोचिंगच्या मॉड्यूललाही आहे. दुसरा अर्धा भाग वडिलांना जड गेला. पहिले काही दिवस ते साडेदहाला दारात उभे राहून "एवढा धडा तरी संपव" म्हणत, आणि मुलगी घड्याळ दाखवत असे. आता ती सात तासांच्या वर झोपते आणि शनिवारी रात्री ताप यावा असे अलीकडे वाटले नसल्याचे सांगते. पुढची भेट वार्षिक परीक्षेनंतर ठेवली आहे.