दाढ काढली, आता त्या जागेचं काय करू?

प्रश्न: डॉक्टर, माझं वय ५३. दीड वर्षापूर्वी खालची उजवी दाढ काढली, किडून पार तुटली होती. दुखत नाही म्हणून तशीच राहू दिली, पण आता एकाच बाजूने चावते आणि जीभ सारखी त्या फटीत जाते. एका डॉक्टरांनी ब्रिज सांगितला, दुसऱ्यांनी इम्प्लांट, आणि सासूबाई म्हणतात काढता-घालता येणारी कवळीच बरी. मला शुगर आहे, गोळ्या चालू आहेत.

उत्तर: ताई, दुखत नाही म्हणून बहुतेक जण असंच करतात, पण आता आणखी लांबवू नका. मोकळ्या जागेत मागची दाढ हळूहळू पुढे कलते, वरच्या दाढेला टेकायला काही उरत नाही म्हणून ती खाली उतरत येते, आणि तिथलं हाड झिजत जातं, सगळ्यात जास्त तर पहिल्या वर्षातच. सगळ्यात शेवटची दाढ गेली असती तर कदाचित काहीच करू नका म्हटलं असतं, पण तुमची मधली दिसतेय.

ब्रिज की इम्प्लांट हे नंतर, आधी डॉक्टरांना विचारा, माझे शेजारचे दोन दात कसे आहेत? कारण ब्रिज करताना ते दोन्ही चारी बाजूंनी घासून बारीक करतात, त्यांच्यावर कॅप बसते आणि मधला खोटा दात त्या कॅपना जोडलेला असतो. त्या दातांचं रूट कॅनाल झालंय, नाहीतरी कॅप लागणारच आहे, तर ब्रिज करा, दोन-तीन आठवड्यांत मोकळ्या व्हाल. पण ते धडधाकट असतील तर मला खरंच ते घासवत नाहीत, घासलेलं एनॅमल परत येत नाही हो. शिवाय ब्रिजखालून रोज फ्लॉस, म्हणजे दात साफ करायचा दोरा, ओवून साफ करावं लागतं, नाहीतर कॅपच्या कडेला कीड लागते आणि एक दात गेला की अख्खा ब्रिज जातो.

शेजारचे दात चांगले असतील तर माझा कौल इम्प्लांटला, म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर दात लावतात. स्वीडनचे संशोधक ब्रॅनेमार्क सशाच्या हाडातलं रक्ताभिसरण बघत होते, त्यासाठी बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काढायला गेले तर ते हाडाने इतकं घट्ट धरलेलं की निघेचना, त्यातूनच पुढे १९६५ मध्ये पहिल्या पेशंटला इम्प्लांट बसले. म्हणजे यात स्क्रू हाडात मुरायला वेळ द्यावा लागतो, साधारण ३ ते ६ महिने, मग वर दात. हाड फार झिजलं असेल तर आधी हाड भरावं लागतं, त्यामुळे स्कॅन हवाच. इम्प्लांट किडत नाही, पण भोवतीची हिरडी सुजून हाड जाऊ शकतं, आणि शुगर वाढलेली असेल किंवा तंबाखू-सिगरेट असेल तर हा धोका बराच वाढतो. शुगर आहे म्हणून इम्प्लांट होतच नाही असं मात्र नाही, ती ताब्यात हवी. हाडं ठिसूळ होण्यावरचं औषध चालू असेल तर तेही आधीच सांगा.

सासूबाईंची कवळी वाईट नाही, खर्च कमी आणि शेजारचे दात घासून बारीक करावे लागत नाहीत, पण एका दाढेसाठी ती हलते, टोचते, आणि बऱ्याच जणी महिन्याभरात डबीत ठेवून देतात. घेतलीच तर रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा, उकळत्या पाण्यात घातली की वाकडी होते आणि मग बसत नाही.

आता आधी तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा रिपोर्ट काढा, तो आणि एक्स-रे दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा.