बिंदुनामावली इंग्लंडमध्ये चालत नाही

ताई, तुम्ही विचारलंय: एमएसडब्ल्यू झालंय, साताऱ्यात दिव्यांग योजनांवर कंत्राटी काम केलंय, आता इंग्लंडला जाऊन काउन्सिल (इथली स्थानिक स्वराज्य संस्था) आणि रुग्णालयांना समता-विविधतेचा सल्ला देणारी कन्सल्टंट व्हायचंय, जमेल का? जमेल. पण उतरल्या उतरल्या कन्सल्टंट नाही. मी सांगलीची, इथे आधी काउन्सिलच्या नोकरीत होते आणि मग सल्लागार झाले.

या धंद्याचा पाया म्हणजे 2010 चा इक्वॅलिटी ॲक्ट. वय, अपंगत्व, वंश, धर्म, लिंग अशा नऊ बाबतींत तो संरक्षण देतो. त्याचं कलम 149 काउन्सिल, पोलीस, एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा), सरकारी शाळा यांना सांगतं की निर्णय घेताना भेदभाव कसा टळेल, संधी कशी वाढेल याचा विचार करा. (उत्तर आयर्लंडचा कायदा वेगळा.) पोस्टर आणि कार्यशाळा असतात, पण खरं काम या कलमाच्या कागदांवर.

समजा काउन्सिलला घरभाड्याच्या मदतीची खिडकी बंद करून सगळं ऑनलाइन करायचंय. कोणावर काय परिणाम होईल याचा तक्ता माझ्याकडे येतो, नऊ बाबींच्या नऊ ओळींचा, आणि बहुतेक ओळींपुढे 'परिणाम नाही'. मी आधी तारीख बघते. निर्णय मंगळवारी आणि तक्ता गुरुवारचा असेल, तर कोर्टात त्या कागदाला किंमत नाही. विचार निर्णयाआधी हवा, हे इथल्या कोर्टानं 2008 मध्येच स्पष्ट केलंय. मग विचारते, खिडकीवर येणाऱ्यांत सत्तरीपुढचे किती, दुभाषा लागणारे किती, स्क्रीन न दिसणारे किती? आकडे नसतातच. ते गोळा करायचे, आणि चार लोक नाराज होतील अशा भाषेत लिहून द्यायचे. ग्रामपंचायतीचा 5 टक्के दिव्यांग निधी गेला कुठे, हे ग्रामसेवकाला विचारलं असेल ना तुम्ही? तीच चिकाटी लागते.

आरक्षण आणि बिंदुनामावलीचा (कोणती जागा कोणत्या प्रवर्गाला, हे ठरवणाऱ्या यादीचा) अनुभव कामी येईल, असं तुम्ही लिहिलंय. तिथे चुकताय. वंश किंवा लिंगावर नोकरीत जागा राखणं इथे साधारणपणे बेकायदा. कलम 159 एवढीच मुभा देतं की दोघे उमेदवार सारख्याच योग्यतेचे असले, तर मागे राहिलेल्या गटातल्याला निवडता येतं, सक्ती नाही. मला हे अजूनही तोकडं वाटतं, पण मुलाखतीत तसं बोलू नका. अपंगत्वाचं मात्र वेगळं आहे. अपंगांना झुकतं माप चालतं, शिवाय 'रीझनेबल ॲडजस्टमेंट' म्हणजे रॅम्प, वेळेत सवलत, वाचता येईल असं पत्र, हे मालकाचं कर्तव्यच. तुमचा अनुभव इथे खणखणीत आहे, अर्जात तोच वर ठेवा.

जातीबद्दलही विचारलंय. 2013 मध्ये संसदेनं जात कायद्यात आणायचं ठरवलं, 2018 मध्ये सरकारनं ते गुंडाळलं. आता 2014 च्या एका अपील निकालाच्या आधारे जातीचं जेवढं 'वंशा'त बसेल तेवढंच कायद्यात येतं. त्यावर पोट भरत नाही.

आता पैशाचं. स्किल्ड वर्कर व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठीच्या व्हिसावर, स्वतःचा सल्लागारीचा धंदा हे मुख्य काम म्हणून चालत नाही. प्रायोजक, म्हणजे व्हिसासाठी पाठीशी उभा राहणारा मालक लागतो. जुलै 2025 पासून साधारण किमान पगार वर्षाला 41,700 पाउंड, नवख्यांना 33,400. काउन्सिलच्या सुरुवातीच्या समता अधिकाऱ्याला 41,700 मिळणं कठीण, आणि काउन्सिलांचे खिसेही फाटलेत. 2023 मध्ये बर्मिंगहॅम काउन्सिलनं आर्थिक हतबलतेची नोटीस काढली, त्यामागे समान वेतनाचे थकलेले दावे हे एक मोठं कारण होतं. मास्टर्स करून मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा (शिक्षणानंतर इथे राहून काम करू देणारा) 1 जानेवारी 2027 पासूनच्या अर्जांना 18 महिन्यांचाच आहे, पीएचडीवाले सोडून.

म्हणून मास्टर्सचं कर्ज काढण्याआधी एक करा. एनएचएस जॉब्सच्या साइटवर या पदांच्या जाहिराती वाचा आणि प्रत्येकीत प्रायोजकत्वाबद्दल काय लिहिलंय ते टिपा. डेटा ॲनालिस्टची पदंही बघा, कारण वंशानुसार नोकरभरतीचे आकडे 2015 पासून एनएचएसला दाखवावे लागतात आणि ते मांडणारं माणूस लागतंच. एक्सेल पक्कं करा, कलम 149 चा मूळ मजकूर वाचा, मग पुन्हा लिहा. वडिलांच्या जमिनीवर कर्ज काढणार असाल, तर त्याआधीच लिहा.